गदरला एका परिच्छेदात उरकू नका : इतिहासाची शालेय पुस्तके घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय इतिहासाचे आराखडे ठरवणारे, धडे लिहिणारे आणि तपासणारे सर्व,

सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांचा विषय निघाला की शाळेच्या पुस्तकात गदर पक्ष येतो आणि चार-सहा ओळींत संपतो. लाला हरदयाळ यांनी अमेरिकेत पक्ष काढला, कोमागाटा मारू ही बोट कॅनडाने परत पाठवली, उठावाचा कट फुटला, कर्तारसिंग सराभा आणि विष्णू गणेश पिंगळे फासावर गेले. मुले एवढे पाठ करतात, गाळलेल्या जागा भरतात आणि पुढच्या धड्याला लागतात. पंजाबातल्या होशियारपूरकडचा शेतकरी अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या लाकूड गिरणीत कसा पोचला, तिथे चार पैसे मिळत असताना साम्राज्याशी भांडण घ्यावे असे त्याला का वाटले आणि त्याने ते भांडण चालवले कसे, यातले काहीही त्यांच्या हाती लागत नाही.

आमची मागणी सरळ आहे. या विषयाला निदान चार तासिका द्या आणि तो मजुरांनी उभारलेल्या एका संघटनेचे कामकाज म्हणून शिकवा. पैसा कुठून आला, कायदा कुठे आडवा आला, पत्र कसे छापले, ते सीमेपलीकडे कसे गेले आणि शेवटी काय बिघडले, हे कळले तर फाशी गेलेल्यांची नावे मुलांना आपोआप लक्षात राहतील. धड्यात काय असावे आणि तो कसा शिकवता येईल, ते पुढे लिहीत आहोत.

सुरुवात मजुरीच्या हिशेबापासून करा. १९०९ पासून हिंदी सैन्यातल्या शिपायाला महिना ११ रुपये मिळत. त्याच काळात कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेतली वॉशिंग्टन व ओरेगॉन ही राज्ये इथल्या लाकूड गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि शेतात पंजाबी मजुराला दिवसाला दीड ते दोन डॉलर मिळत. एका डॉलरचे साधारण तीन रुपये होत. म्हणजे शिपायाचा महिन्याचा पगार हा मजूर दोन-अडीच दिवसांत मिळवत होता. हे गणित फळ्यावर मांडले की जालंधर, होशियारपूर आणि लुधियाना जिल्ह्यांतली माणसे कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून का निघाली हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गावाहून रेल्वेने कलकत्ता, तिथून बोटीने हाँगकाँग, हाँगकाँगच्या गुरुद्वारात मुक्काम आणि मग प्रशांत महासागर ओलांडून व्हँकुव्हर, असा त्यांचा रस्ता होता. यांतले कित्येक जण पलटणीतून निवृत्त झालेले, काही हाँगकाँग-शांघायच्या पोलिसात चाकरी केलेले. १९०४ ते १९०८ या काळात पाच हजारांवर भारतीय कॅनडात उतरले आणि त्यांतले बहुसंख्य शीख होते.

हे लोक आपण व्हिक्टोरिया राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने समान ठरलेले प्रजाजन आहोत असे मानून गेले होते. १९०७ मध्ये ती समजूत मोडली. ब्रिटिश कोलंबियाने त्या वर्षी भारतीयांचा मताधिकार काढला. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने गिरणी मजुरांच्या राहत्या जागांवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर घालवले आणि पाठोपाठ व्हँकुव्हरात चिनी व जपानी वस्त्यांवर दंगल झाली. या सगळ्यात इंग्रज सरकारचा एकही अधिकारी त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. जपानी मजुरांवर हल्ला झाला तेव्हा जपान सरकारने जाब विचारला होता. हा फरक या माणसांनी डोळ्यांनी पाहिला आणि पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ तिथे आहे. धड्यात एकच कारण द्यायला जागा असेल तर हे द्या.

यानंतर कायदा शिकवा, आणि तो सावकाश शिकवा. ‘कॅनडाने भारतीयांना बंदी केली’ हे वाक्य पुस्तकात सहज येते, पण त्यात खरी गोष्ट हरवते. भारतीय साम्राज्याचे प्रजाजन, त्यामुळे नाव घेऊन बंदी घालणे लंडनला अडचणीचे होते. म्हणून ८ जानेवारी १९०८ च्या आदेशाने असे ठरवले की ज्याला उतरायचे आहे त्याने आपल्या देशातून सलग प्रवास करून, तिथेच घेतलेल्या थेट तिकिटावर यावे. कागदावर हा नियम सर्वांना सारखा होता. मात्र भारतातून कॅनडाला सलग जाण्याची सोय कुठलीच जहाज कंपनी देत नव्हती. ज्या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला ती देता आली असती तिला थेट तिकिटे विकू नका असे सांगण्यात आले. त्याच वर्षी खिशात २०० डॉलर असल्याशिवाय उतरता येणार नाही हा दुसरा नियम आला. आधी ही रक्कम २५ डॉलर होती. २०० डॉलर म्हणजे सुमारे ६०० रुपये, शिपायाचा साडेचार वर्षांचा पगार. आठवीच्या मुलाला हा भागाकार सहज येतो, आणि भेदभाव न लिहिता भेदभाव कसा करता येतो हे त्यातून जितके कळते तितके एखाद्या व्याख्येतून कळत नाही.

या कायद्याशी ते सहा वर्षे सनदशीर मार्गाने झगडले. हा भाग पुस्तकांतून पूर्ण गळतो आणि त्यामुळे गदरवाले एका सकाळी बंदुका घेऊन उठले असा समज होतो. व्हँकुव्हरात १९०६ मध्ये खालसा दिवाण सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १९०८ मध्ये तिचा गुरुद्वारा उघडला. पाठ आणि लंगर तिथे होतेच, शिवाय वर्गणी तिथे गोळा होई, वकील तिथून ठरे, आजारी मजुराला तिथे आसरा मिळे, आणि सभेचे ठराव तिथेच होत. १९०८ मध्ये कॅनडा सरकारने सगळ्या भारतीयांना उचलून मध्य अमेरिकेतल्या ब्रिटिश होंडुरास या वसाहतीत नेण्याचा घाट घातला, तेव्हा समाजाने आपले दोन प्रतिनिधी तिकडची परिस्थिती पाहायला पाठवले, त्यांचा अहवाल गुरुद्वारातल्या सभेत ऐकला आणि योजना फेटाळली. ३ ऑक्टोबर १९०९ ला गुरुद्वाराच्या कार्यकारिणीने ठराव केला की कोणत्याही सभासदाने इंग्रज सैन्याची पदके, गणवेश वा बिल्ले वापरू नयेत. आयुष्यभर ज्या पदकावर इभ्रत टिकली होती ते छातीवरून उतरवणाऱ्या निवृत्त सुभेदार-हवालदारांची ही सभा होती. धड्याला एखादा प्रसंग जवळून दाखवायचा असेल तर आमच्या मते तो हा आहे.

अर्ज झाले, तारा झाल्या. १९११-१२ मध्ये भागसिंग आणि बलवंतसिंग हे गुरुद्वाराचे पुढारी भारतातून आपल्या बायका-मुलांना घेऊन परतले, तर पुरुषांना उतरू दिले आणि बायका-मुलांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. बऱ्याच झगड्यानंतर खास मेहरबानी म्हणून त्यांना राहू दिले, हक्क म्हणून नव्हे. १९१३ मध्ये तिघांचे शिष्टमंडळ लंडनला आणि तिथून भारतात गेले. लंडनमध्ये वसाहतमंत्र्यांची भेट मिळाली नाही. भारतात व्हाइसरॉयने ऐकून घेतले, पदरात काही पडले नाही. त्याच वर्षी पनामा मारू बोटीने आलेल्या काही शिखांना अडवले, तेव्हा समाजाने कोर्टात दाद मागितली आणि नोव्हेंबरात ते जिंकले. निकालाचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे : मूळ कायद्याचे शब्द आणि सरकारी आदेशाचे शब्द जुळत नव्हते. सरकारने जानेवारी १९१४ पर्यंत नवे, शब्दाला शब्द जुळवलेले आदेश काढून ही फट बुजवली. कोमागाटा मारूचे प्रवासी पुढे ज्या भिंतीवर आदळले ती अशी बांधली गेली होती.

आता कोमागाटा मारू. ही गदर पक्षाची बोट होती असे कृपा करून लिहू नका. सिंगापूर-मलायात ठेकेदारी करणाऱ्या गुरुदितसिंगांनी ती जपानी मालकांकडून भाड्याने घेतली. त्यांचा हिशेब धंद्याचा होता आणि कायद्याची परीक्षा घेण्याचाही. ४ एप्रिल १९१४ ला ती हाँगकाँगहून निघाली, शांघाय, मोजी आणि योकोहामा इथे प्रवासी घेत २३ मे रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात पोचली. एकूण प्रवासी ३७६ : ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. प्रवास भारतातून सुरू झाला नव्हता, म्हणजे सलग प्रवासाची अट पहिल्या दिवसापासून मोडलेली होती. पूर्वी कॅनडात राहिलेले वीस-बावीस जण सोडता कोणाला धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही. बोट दोन महिने नांगरलेली राहिली, अन्नपाण्याची टंचाई झाली. किनाऱ्यावर समिती उभी राहिली. तिच्यात गुरुद्वाराचे भागसिंग, बलवंतसिंग होते, तसे मूळचे पोरबंदर संस्थानातले हुसेन रहीमही होते. भाड्याचा थकलेला हप्ता याच समितीने वर्गणीतून भरला, नाहीतर मालक बोट तेव्हाच घेऊन गेले असते. मुन्शीसिंग नावाच्या एका प्रवाशाच्या नावे चाचणी खटला चालला. ६ जुलैला पाचही न्यायाधीशांनी तो एकमताने फेटाळला. सी लायन नावाच्या टगबोटीतून पोलीस चढाई करायला आले, तेव्हा प्रवाशांनी कोळशाचा मारा करून त्यांना परतवले. मग रेनबो ही युद्धनौका समोर आणून उभी केली आणि २३ जुलैला बोट निघाली.

परतीचा प्रवास धड्यात हमखास कापला जातो, तो कापू नका. वाटेत महायुद्ध सुरू झाले. हाँगकाँगला उतरायची परवानगी नाही, सिंगापूरला नाही. २९ सप्टेंबर १९१४ रोजी कलकत्त्याजवळ बज बज इथे खास आगगाडी तयार ठेवून सगळ्यांना थेट पंजाबला पाठवायचा सरकारचा बेत होता. प्रवासी गुरू ग्रंथसाहिब घेऊन कलकत्त्याच्या दिशेने पायी निघाले, त्यांना अडवून परत बज बजला आणले आणि स्टेशनजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस प्रवासी मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या प्रकरणाबद्दल संसदेत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी. नकाशाच्या कोऱ्या आराखड्यावर हा सगळा मार्ग तारखांसह मुलांकडून भरून घ्या, एक तासिका त्यातच जाईल आणि ती कारणी लागेल.

गदर पक्ष कॅनडातल्या या लोकांच्या शेजारी, अमेरिकेच्या बाजूला वाढला. १९१३ मध्ये ओरेगॉनमधल्या गिरण्यांच्या गावांत बैठका झाल्या आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांची एक संघटना उभी राहिली. तिच्या ‘गदर’ या पत्रावरून तीच पुढे गदर पक्ष म्हणून ओळखली गेली. तिचे अध्यक्ष सोहनसिंग भकना, अमृतसर जिल्ह्यातले शेतकरी आणि पोर्टलंडच्या गिरणीतले मजूर. सरचिटणीस लाला हरदयाळ. खजिनदार पंडित काशीराम. ‘हरदयाळांनी पक्ष स्थापन केला’ एवढेच लिहिले की मजूर अध्यक्ष गायब होतो. हरदयाळांची लेखणी मोठी होती यात शंका नाही, पण मार्च १९१४ मध्ये त्यांना अटक झाली आणि जामिनावर सुटून ते युरोपला गेले; त्यानंतरही पत्र चालू राहिले, पैसा येत राहिला, माणसे भरती होत राहिली. संघटना मजुरांची होती म्हणूनच ती टिकली. कॅलिफोर्नियात बटाट्याची मोठी शेती करणारे ज्वालासिंग आणि त्यांचे साथी वसाखासिंग यांनी १९१२ मध्ये स्टॉकटनचा गुरुद्वारा उभा केला होता. त्याच ज्वालासिंगांनी बर्कलेला शिकायला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी गुरू गोविंदसिंगांच्या नावाने शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. शेतकऱ्याचा पैसा आणि विद्यार्थ्याची लेखणी इथे एकत्र आली.

सॅन फ्रान्सिस्कोत ४३६ हिल स्ट्रीट या पत्त्यावर युगांतर आश्रम निघाला आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी ‘गदर’चा (म्हणजे ‘बंड’चा) पहिला अंक उर्दूत बाहेर पडला, डिसेंबरात गुरुमुखी आवृत्ती आली. साप्ताहिक फुकट वाटले जाई. आश्रमात काम करणाऱ्यांना पगार नव्हता, खाणे-राहणे सामायिक. धर्माची चर्चा पक्षाच्या कामात आणायची नाही असा नियम होता, आणि तो पाळला गेला याचा पुरावा माणसांच्या यादीतच आहे : भकना, हरदयाळ, भोपाळचे मौलवी बरकतुल्ला, मनिला शाखेचे हाफिज अब्दुल्ला.

छपाईवर अर्धी तासिका खर्च करा, ही कळकळीची विनंती. उर्दू अंक शिळाछापाचा होता. कातिब तेलकट शाईने खास कागदावर मजकूर सुबक अक्षरांत लिहितो, तो कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उलटी उमटतात. मग दगड ओला करायचा. तेलकट अक्षरांवर पाणी धरत नाही, मोकळ्या जागेवर धरते. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना चिकटते आणि कोरा कागद दाबला की छाप सरळ येतो. दगड मध्येच सुकला तर मोकळी जागाही शाई धरते आणि पान काळवंडते. पाणी जास्त झाले तर अक्षरे फिकी पडतात. चूक राहिली तर ती दगडावरच, उलट्या अक्षरांत खरवडून दुरुस्त करावी लागते. एक माणूस ओलावा सांभाळायला, एक शाईला, एक दाब द्यायला, असे तासन्‌तास चालते. जुन्या मराठी पोथ्या याच पद्धतीने छापल्या गेल्या, त्यामुळे एखादी पोथी वर्गात दाखवता येईल. वर्गात करून पाहायचे तर गुळगुळीत पुठ्ठ्यावर मेणखडूने दाबून दोन ओळी लिहा आणि वरून पातळ जलरंगाचा हात फिरवा. मेणावर रंग धरत नाही. तेल आणि पाण्याचे वैर डोळ्यांसमोर दिसते. बर्कलेचे शिक्षण सोडून आलेला सतरा वर्षांचा कर्तारसिंग सराभा हे हातयंत्र फिरवत होता आणि उर्दूतला मजकूर गुरुमुखीत आणत होता. हे दाखवल्यावर तो मुलांना तसबिरीतला हुतात्मा न वाटता आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असलेला माणूस वाटेल.

पत्रात काय असे, तेही दाखवा. प्रत्येक अंकात ‘अंग्रेजी राज का कच्चा चिठ्ठा’ या मथळ्याखाली चौदा कलमे असत : देशाबाहेर जाणारी संपत्ती, शेतसाऱ्याचा बोजा, आरोग्यावरचा तुटपुंजा आणि सैन्यावरचा अफाट खर्च, दुष्काळ, प्लेग. शेवटची दोन कलमे उपाय सांगत. ब्रिटिश हिंदुस्थानात २४ कोटी, संस्थानांत ७ कोटी लोक. समोर इंग्रज अधिकारी व सैनिक ७९,६१४ आणि स्वयंसेवक ३८,९४८. सत्तावन्नच्या बंडाला ५६ वर्षे झाली, आता दुसऱ्याची वेळ आली आहे. सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ याच पत्रातून क्रमशः येत होता आणि टिळकांचे नावही वारंवार येई. महाराष्ट्राशी असलेला हा दुवा खरा आहे, तो जरूर सांगा. मग मुलांना बेरीज-भागाकार करायला लावा. ३१ कोटींना १,१८,५६२ ने भागले की एका हत्यारबंद इंग्रजामागे सुमारे २,६०० भारतीय येतात. आता विचारा, या हिशेबात कोण धरलेले नाही? हिंदी शिपाई. दीड लाखाहून जास्त हिंदी शिपाई इंग्रजांच्या पगारावर होते. ते कोणत्या बाजूला झुकतात यावर सगळे अवलंबून होते, म्हणून गदरवाल्यांनी छावण्यांकडे मोर्चा वळवला. त्यांच्यातले अर्धेअधिक पूर्वी त्याच छावण्यांत राहिलेले होते.

अंक भारतात पोचू नयेत म्हणून सरकारने सागरी जकातीच्या कायद्याखाली त्यांची आयात बंद केली. तेव्हा अंक आणि कात्रणे खाजगी पत्रांच्या पाकिटांतून, हाँगकाँग, शांघाय, सियाम (आजचे थायलंड), मनिला अशा वळणांनी जाऊ लागली. जिथे शिखांची वस्ती आणि गुरुद्वारा, तिथे वाटपाचे केंद्र. दुसरी बाजूही सांगा. व्हँकुव्हरात इमिग्रेशन खात्यात हॉपकिन्सन नावाचा माणूस होता, पूर्वी कलकत्ता पोलिसात असलेला. तो दुभाषा म्हणून काम करत असे आणि किनाऱ्यावरच्या शिखांची बातमी काढत असे. त्याने समाजातलेच काही जण खबरे म्हणून वळवले. सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांतल्याच बेलासिंगने गुरुद्वारात गोळ्या झाडून भागसिंग आणि बतनसिंग यांना मारले. ऑक्टोबरात मेवासिंगने कोर्टाच्या इमारतीत हॉपकिन्सनला मारले, आणि ११ जानेवारी १९१५ ला मेवासिंग फाशी गेला. सरकारचा हात किती लांबवर पोचत होता हे यातून कळते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग : काय बिघडले. ‘फितुरीमुळे कट फसला’ या एका वाक्यावर भागवू नका. फितुरी शेवटी आली. त्याआधी बरेच बिघडले होते.

पहिली गोष्ट, युद्ध त्यांच्या अपेक्षेआधी आले. ऑगस्ट १९१४ मध्ये पक्षाचे वय जेमतेम सव्वा वर्षाचे होते. शस्त्रे नव्हती, भारतात शाखा नव्हत्या. दुसरी गोष्ट, त्यांनी बंडाची हाक उघडपणे छापून दिली. सभा जाहीर, पत्र जाहीर, बोटीत बसताना भाषणे जाहीर. पत्राची ताकद ती होती आणि कटाचा घातही तिनेच केला. सरकारने ५ सप्टेंबरला वटहुकूम काढून परतणाऱ्या कोणालाही अडकवून ठेवायचा अधिकार घेतला. भकना ऑक्टोबरात कलकत्त्याला पोचताच पकडले गेले. २९ ऑक्टोबरला तोसा मारू १७३ जणांना घेऊन आली, त्यांतले बहुतेक थेट पोलिसांच्या ताब्यात गेले. अंदाजे आठ हजार जण परतले. फेब्रुवारी १९१५ पर्यंत १८९ जणांना स्थानबद्ध केले होते आणि ७०४ जणांना गावाबाहेर पडायची मनाई होती. हे आकडे लहान दिसतात, पण पकडलेल्यांत पुढारी होते. जे सुटले त्यांच्याजवळ ना पत्ते होते ना आदेश.

तिसरी गोष्ट पंजाबची. त्यांनी सोडलेला पंजाब आणि परतल्यावर भेटलेला पंजाब यांत अंतर पडले होते. गावांत सैन्यभरती जोरात होती. चीफ खालसा दिवाण या सरकारनिष्ठ शीख संस्थेने या लोकांना धर्मभ्रष्ट आणि गुन्हेगार ठरवले. जैलदार आणि लंबरदार, म्हणजे सरकारने नेमलेले गावमुखिया, पोलिसांना बातमी देत. पैशासाठी सावकारांवर दरोडे घातले, त्यात गावकरी उलटले. अमृतसरजवळच्या छब्बा गावच्या दरोड्यात पकडलेल्या माणसांकडून पोलिसांना पुढचे धागे मिळाले.

अशा वेळी विष्णू गणेश पिंगळे पंजाबात आले. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरे गावचे पिंगळे (तळेगाव दाभाडे लिहिण्याची चूक होते, ती टाळा) अमेरिकेत शिकायला गेले, तिथे गदरमध्ये सामील झाले आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये सराभांबरोबर कलकत्त्याला परतले. त्यांचे काम दुवा जोडण्याचे होते. पंजाबकडे माणसे आणि छावण्यांतली ओळख होती, बंगालकडे बाँबची विद्या आणि गुप्त कामाचा सराव. पिंगळे यांनी बनारसला बंगाली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्याशी संधान बांधले आणि जानेवारी १९१५ मध्ये बोस स्वतः पंजाबात आले. उठावाची तारीख ठरली २१ फेब्रुवारी. लाहोरजवळची मियां मीर छावणी, फिरोजपूर, मेरठ अशा ठिकाणी पलटणींशी बोलणी झाली. २३ व्या रिसाल्यातल्या (घोडदळ पलटणीतल्या) एका शिपायाचा नातेवाईक असलेला कृपालसिंग पोलिसांनी आत पेरला. संशय आल्यावर तारीख १९ वर आणली, तीही त्याला कळली. लाहोरच्या घरांवर छापे पडले, छावण्यांत पहारे बदलले, संशयित शिपायांकडून हत्यारे काढून घेतली. सराभा त्या रात्री साथीदारांसह फिरोजपूरला पोचले होते. आतून दार उघडले नाही.

पिंगळे त्यानंतरही थांबले नाहीत. २३ मार्च १९१५ रोजी मेरठमध्ये १२ व्या रिसाल्याच्या लाइनींत ते दहा बाँबच्या पेटीसह सापडले. खटला डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली, लाहोरच्या तुरुंगातच, तीन सदस्यांच्या विशेष न्यायाधिकरणापुढे चालला. अपिलाची सोय नव्हती. १३ सप्टेंबरला २४ जणांना फाशी सुनावली गेली, व्हाइसरॉयने १७ जणांची जन्मठेपेवर आणली, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी सात जण फासावर गेले : कर्तारसिंग सराभा, विष्णू गणेश पिंगळे, जगतसिंग, हरनामसिंग सियालकोटी, बक्षीससिंग आणि सुरैणसिंग नावाचे दोघे. सातही नावे छापा. आपल्या पुस्तकांत दोन नावे येतात आणि बाकीचे पाच ‘इतर’ होतात.

सिंगापूरच्या पाचव्या लाइट इन्फंट्रीचे फेब्रुवारी १९१५ मधले बंड आणि शस्त्रे घेऊन निघालेल्या ॲनी लार्सन बोटीची मॅव्हरिकशी चुकलेली भेट, हे चौकटीत दिले तरी चालेल.

महाराष्ट्राच्या दुव्याबद्दल एक स्पष्ट मत. पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांची नावे धड्यात असलीच पाहिजेत. खानखोजे ओरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते, गदरच्या लष्करी बाजूचे काम त्यांनी पाहिले, युद्धकाळात इराणकडे गेले आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी नावाजले गेले. पण धडा या दोघांभोवती फिरवू नका. मराठी मुलाने या विषयात आपल्या गावचे नाव शोधावे यात गैर काही नाही; मात्र ही चळवळ पंजाबी मजुरांच्या घामावर उभी राहिली आणि हे दोघे तिच्यात सामील झाले, हा क्रम उलटा होता कामा नये. मनिलाहून आलेल्या गुलाब कौर यांना दोन ओळी द्या, त्यांचा उल्लेख फार कमी ठिकाणी सापडतो.

सोयीच्या काही गोष्टी. गदरच्या जुन्या अंकांचे छायाचित्र छापाल तर ते कोणत्या लिपीतले आणि कोणत्या तारखेचे ते खाली लिहा, आणि छापण्यापूर्वी गुरुमुखी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. नांदेडला असे वाचक सहज मिळतील. नाहीतर चित्र उलटे छापले जाण्याचाही धोका असतो. नकाशात १९१४ च्या सीमा दाखवा; लाहोर, मियां मीर, फिरोजपूर आणि अमृतसर आजच्या सीमेच्या दोन बाजूंना आहेत हे मुलांना वेगळ्या रेषेने कळू द्या. स्वाध्यायात ‘गदर पक्षाची स्थापना कोणी केली’ याऐवजी ‘१९०८ चा आदेश वाचा आणि हाँगकाँगहून निघालेला माणूस का अडकेल ते सांगा’ असा प्रश्न घाला. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत रुपया-डॉलरचा दर द्या, त्याशिवाय वरचे हिशेब उभे राहत नाहीत.

धड्याचा मसुदा तयार झाला की तारखा, नावांची वर्णाक्षरे, नकाशा आणि आकडे आम्ही विनामूल्य तपासून देऊ. मसुदा हाती आल्यापासून पंधरा दिवसांत प्रत्येक दुरुस्ती कारणासह लिहून परत करू.

आपले,
गदर चळवळीच्या कागदपत्रांचे काही अभ्यासक आणि इतिहास शिक्षक